घट बसल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत: दिवस मोजून करायची घरची कामं

दिवाळी चार दिवसांवर आली की तयार कंदील येतो, प्लास्टिकचं तोरण येतं आणि किल्ल्यावर हिरवळीच्या जागी रंगवलेला भुसा पडतो. हौस नसते असं नाही, मोजणी चुकलेली असते. हळीव हिरवा व्हायला ५-६ दिवस घेतो, कुणी घाई केली म्हणून तो ३ दिवसांत होत नाही. पिंपळपानाची जाळी ३-४ आठवडे मागते. शेंडे खुडलेली तुळस भरायला महिना-सव्वा महिना जातो. यातलं एकही काम अवघड नाही. ज्या दिवशी सुरू करायचं त्या दिवशी ते आठवत नाही, एवढंच.

म्हणून घटस्थापना हा पहिला दिवस धरा आणि बोटं मोजा. दसरा १०वा, कोजागिरी १५वा, वसुबारस २७वा, लक्ष्मीपूजन ३०वा आणि तुळशीची लग्नं ४२व्या ते ४५व्या दिवसापर्यंत. तिथीची वाढ किंवा क्षय झाला तर एखादा दिवस इकडे-तिकडे. खाली प्रत्येक कामापुढे याच हिशेबानं दिवस दिला आहे.

हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. नवरात्रात परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो. साताऱ्यातल्या जावळी-पाटणकडे भिंती आणि माती दोन्ही ओल्या असतात, तर सांगलीतल्या कोरड्या जत-आटपाडीकडे लोक याच पावसाची वाट बघत असतात. तो गेला की ऑक्टोबरचं ऊन दुपारी चटका देतं आणि पहाटे दव पडायला लागतं. वाळवायची कामं या उन्हात करायची. पेरायची कामं ऊन उतरल्यावर, आणि कागदाची कामं दवापासून सांभाळून.

पहिला दिवस: घट, आणि त्याच दिवशी आणखी दोन कामं

१२ इंची परडीत २ इंचांचा थर द्यायला साडेतीन-चार किलो माती लागते. माती शेतातली काळी घ्या. ढेकळं फोडून गव्हाच्या चाळणीनं चाळा. नुसती काळी माती ओली झाली की गच्च बसते आणि बियाण्याला हवा मिळत नाही, म्हणून चौथा हिस्सा बारीक वाळू किंवा चाळलेलं जुनं शेणखत मिसळा. ताजं शेण घालू नका, बुरशी तिथूनच सुरू होते.

धान्यात गहू आणि ज्वारी एकेक मूठ. घट दिसतो तो या दोघांमुळेच. मूग, उडीद, हरभरा, मका, करडई, तीळ, जवस चिमूट-चिमूट पुरे. गहू-ज्वारी रात्रभर भिजवा, कडधान्यं ३-४ तास. तीळ आणि जवस कोरडेच टाका. जवस भिजवला की बुळबुळीत होतो आणि त्याचा गोळा एकाच जागी पडतो. धान्य एकाच थरात पसरा आणि वर अर्धा इंच माती. दाण्यावर दाणा पडला की खालचा कुजतो, आणि पहिला नंबर हरभऱ्याचा लागतो. तिसऱ्या दिवशी वास आला तर तो हरभराच समजा आणि तेवढाच चमच्यानं काढून टाका.

मधला घट मातीचा आणि न रंगवलेला हवा. त्याच्या अंगातून पाणी झिरपतं आणि भोवतीच्या धान्याला ओल मिळते, सगळी खुबी त्यातच आहे. रंगवलेला घट किंवा तांब्याचा कलश झिरपत नाही, मग वरून पाणी घालावं लागतं आणि तिथेच हात सैल सुटतो. झिरपणारा घट असेल तर कडेच्या भागावर दिवसाला दोनदा नुसता शिपका द्या. घटाजवळ पाणी घालूच नका. आतलं पाणी मात्र रोज बघून भरत राहा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंबाखाली पांढरी लव दिसली की घरात कुजबुज सुरू होते, बुरशी आली म्हणून. बऱ्याचदा ती मुळांचीच लव असते. पाण्याचा फवारा मारा. दिसेनाशी झाली तर मुळांची, तशीच राहिली आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरत गेली तर बुरशी. खरी बुरशी असेल तर एक दिवस पाणी बंद आणि खिडकी उघडी. रोपं पिवळी राहतात ती देवघरातल्या अंधारामुळे, दोष खताचा नाही. पिवळंधमक धानच कित्येक घरांत आवडतं. हिरवं हवं असेल तर पहिल्या दिवसापासूनच परडी खिडकीजवळ बसवा, कारण एकदा बसलेला घट मध्येच हलवत नाहीत.

दुसरं काम पिंपळपानांचं. पूर्ण वाढलेली, गडद हिरवी, किडीनं न खाल्लेली २०-२५ पानं देठासकट घ्या. कोवळं तांबूस पान घेऊ नका, त्याच्या शिरा कच्च्या असतात आणि सगळं पानच विरघळतं. बादलीत पानं पाण्याखाली राहतील अशी वर ताटली ठेवा आणि बादलीचं तोंड फडक्यानं घट्ट बांधा. या दिवसांत उघडं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. पाणी सारखं बदलू नका. त्यातले जंतूच पानाचा गर खातात, बदललं की ते वाहून जातात. कमी झालं तर वरून घाला. वास येणार, त्यामुळे बादली परसात किंवा गच्चीच्या कोपऱ्यात ठेवा.

तिसरं काम दोन मिनिटांचं. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडा आणि प्रत्येक फांदीचा शेंडा वरच्या दोन पानांसकट चिमटा. जिथं चिमटाल तिथं दोन नवे फुटवे येतात. लग्नाच्या दिवशी भरगच्च तुळस हवी असेल तर हे आजच व्हायला हवं. २५व्या दिवशी सुचलं तर फुटवे बोटभरच राहतात.

दसरा: तोरण आणि आपटा

३ फुटांच्या दाराला साडेतीन फूट तोरण लागतं, म्हणजे दोन्ही कडांना थोडा झोल देता येतो. सलग गुंफलं तर झेंडूची मध्यम आकाराची ३५-४० फुलं आणि आंब्याची १०-१२ पानं. फूल ओवताना देठ बुडाशी कापा आणि दाभण फुलाखालच्या हिरव्या वाटीतून घाला. पाकळ्यांतून ओवलेलं फूल संध्याकाळपर्यंत दोऱ्यावर सरकतं आणि पाकळ्या दारात पडतात. दोरा बारीक असेल तर हिरवी वाटी चिरते, म्हणून सुतळीचा एक पीळ सोडवून घ्या किंवा दुपदरी जाड दोरा वापरा. पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात भाताच्या लोंब्या तयार झालेल्या असतात. ४-५ लोंब्यांची जुडी मध्यभागी बांधली की तोरणाला वजन येतं आणि ते वाऱ्यावर उलटत नाही.

पावसात भिजलेला झेंडू स्वस्त मिळतो आणि महागात पडतो. आणल्या आणल्या झटका, वर्तमानपत्रावर एकेरी पसरा आणि पंख्याखाली दोन तास ठेवा. पिशवीत तसाच ठेवला तर सकाळी आतली फुलं काळी पडलेली असतात.

तोरण उतरवल्यावर टाकू नका. सावलीत ८-१० दिवस वाळवा आणि फुलं चुरगळा. टोकाला पिवळसर झुबका असलेल्या काळ्या काड्या म्हणजे बी. कागदाच्या पुडीत ठेवा आणि जुलैच्या उत्तरार्धात टाका, म्हणजे पुढच्या दसऱ्या-दिवाळीला फुलं. बाजारातली मोठी फुलं बहुतेक संकरित असतात, त्यांचं बी लावलं की फूल बारीक किंवा एकेरी निघू शकतं. घरच्या तोरणाला तेवढं चालतं. मखमलीचं, म्हणजे बारीक फुलांच्या झेंडूचं, बी जास्त भरवशाचं.

आपटा म्हणून गाड्यावर जे विकतात त्यात कांचन पुष्कळ असतो. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, तळहाताएवढं आणि पातळ. झाड ओरबाडून आणलेल्या फांद्यांपेक्षा सोनेरी कागदाची पानं कापलेली बरी. पुठ्ठ्याचा साचा करा, कागद मधोमध दुमडा आणि अर्धं पान कापा, दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात.

याच दिवसांत कासच्या पठाराला गर्दी असते आणि तिथली फुलं वहीत दाबून न्यायचा मोह होतो. तिथं फूल तोडायला बंदी आहे आणि २०१२ पासून ते पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. दाबायला बांधावरचं गवत, परसातली गोकर्ण आणि अबोली भरपूर झाली.

कुंड्या: १२वा दिवस ते कोजागिरीनंतरचा आठवडा

चार महिन्यांच्या पावसानं कुंडीतली माती दाबली जाते, खत धुऊन जातं आणि वर शेवाळाची हिरवी साय धरते. ती साय इंचभर खरवडून काढा. खुरप्यानं २-३ इंच माती मोकळी करा, मुळं दिसली की थांबा. १२ इंची कुंडीला दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड पुरते. परतीचा पाऊस चालू असताना खत घालू नका, ते भोकातून खाली जाईल. भोकं काडीनं मोकळी करून बघा. पावसाळ्यात मेलेल्या निम्म्या रोपांचं कारण तिथंच सापडतं.

साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, सांगलीकडं सहज मिळतो आणि खत म्हणून चांगला आहे, पण ताजा नको. तो आतून तापतो आणि मुळं भाजून निघतात. ढीग करून २-३ महिने कुजू द्या. हात घातल्यावर गार लागला आणि आंबूस वास गेला की वापरा. उसाचं पाचट मात्र लगेच कामाचं. बोटभर लांबीचे तुकडे करून कुंडीत २ इंचांचा थर द्या, खोडापासून दोन बोटं जागा सोडून. दुपारच्या उन्हात पाणी निम्मं लागतं. खोडाला चिकटवलं तर खोड ओलं राहून कुजतं.

मेथी १२व्या दिवशी पेरली तर तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला जुडी निघते. १ बाय दीड फुटाच्या ट्रेला २०-२५ ग्रॅम बी, रात्रभर भिजवून, १ सेंटीमीटर खोल. ३-४ दिवसांत उगवते, २५-३० दिवसांत कापायला येते. पहिले १० दिवस दुपारच्या उन्हाला जुनं धोतर किंवा ओढणी आडवी बांधा.

कोथिंबिरीला घाई करू नका. उष्णतेत ती उगवायला कुरकुरते आणि उगवली तरी पानांआधी तुरा काढते. कोजागिरीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. अख्खा धना म्हणजे दोन बिया. चपलेनं किंवा बाटलीनं हलका रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करा, पीठ करू नका. १२ तास भिजवा, फडक्यात रात्रभर बांधून ठेवा आणि मग पेरा. १२ इंची कुंडीला १० ग्रॅम. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. सहाव्या दिवशी काहीच दिसत नाही म्हणून माती उकरून बघणारे आणि तिथंच दुसरं काही लावणारे खूप. ते करू नका.

लसूण सगळ्यात सोपा. पाकळी सोलू नका, टोक वर, इंचभर खोल. गड्डे हवे असतील तर ३ इंचांवर एक, म्हणजे १२ इंची कुंडीत १२ पाकळ्या, आणि चार महिने धीर. नुसती पात हवी असेल तर दीड इंचावर दाट लावा, महिन्याभरात आमटीला पात. पालक आणि मुळा याच दिवसांत टाकून द्या, ते कुणाचंही येतं. वाटाणा मात्र नोव्हेंबरात.

शेवंतीबद्दल एक गोष्ट रोपवाटिकेत क्वचित सांगतात. ती रात्र मोठी झाल्यावर फुलते. कुंडीवर रात्रभर गॅलरीची ट्यूब किंवा रस्त्याचा दिवा पडत असेल तर रोप हिरवंगार वाढतं आणि कळी धरत नाही. खत वाढवून उपयोग नाही, रात्री अंधार राहतो अशा कोपऱ्यात हलवा. विकत घेताना पूर्ण उमललेली घेऊ नका. ज्यात एक तृतीयांश फुलं उमललेली आणि बाकी कळ्या आहेत ती महिनाभर टिकते. शेंड्याला काळा मावा दिसला तर लिटरला ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे ४-५ थेंब, संध्याकाळी फवारा. बहर संपल्यावर ४ इंचांवर छाटा, बुडातून मुनवे येतात, तीच पुढच्या वर्षाची रोपं.

कंदील: २०वा ते २५वा दिवस

पारंपरिक कंदिलाचा सांगाडा बघून लोक घाबरतात. कुठून सुरुवात, कुठं शेवट, कळत नाही. त्याचं गणित एका ओळीचं आहे: सहा सारखे चौकोन करा आणि त्यांचे कोपरे एकमेकांना बांधा. मधले आठ त्रिकोण बांधावे लागत नाहीत, ते आपोआप तयार होतात.

२० सेंटीमीटर बाजूच्या कंदिलाला बांबूच्या २४ कामट्या लागतात, प्रत्येकी २२ सेंटीमीटर लांब आणि ४-५ मिलिमीटर रुंद. बुरूडकाम करणाऱ्यांकडे लांब कामट्या चिरून मिळतात. एकूण ६ मीटर घ्या, दोन-तीन जादा. तासभर पाण्यात भिजवा, मग बांधताना तडकत नाहीत. कात्रीनं कापू नका, टोक फाटतं. बारीक करवत वापरा. प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून १ सेंटीमीटरवर पेनानं खूण करा. गाठ त्या खुणेवरच. ही खूण टाळली की चौकोन लहानमोठे होतात आणि शेवटचा कोपरा जुळत नाही. मग बांबूला दोष देतात.

चार कामट्या, चार कोपरे, दोऱ्यानं फुलीची गाठ आणि वर फेव्हिकॉलचा थेंब. असे सहा चौकोन करा. प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजा. साधारण २८ सेंटीमीटर आणि दोन्ही सारखे आले पाहिजेत. तिरपा चौकोन याच वेळी दाबून सरळ होतो, नंतर नाही.

आता जोडणी. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवा, हा तळ. उरलेल्यांपैकी चार चौकोन पतंगासारखे कोपऱ्यावर उभे करायचे. प्रत्येकाचा खालचा कोपरा तळाच्या एकेका कोपऱ्याला. आत्ता गाठ नको, रबर लावा, कारण हे चारी दिशांना लोळतात. कपड्यांचे चिमटे हाताशी ठेवा. मग शेजारच्या दोन पतंगांचे मधले कोपरे ओढून एकत्र आणा आणि रबर लावा. चारही बाजूंनी झालं की सांगाडा स्वतःच्या पायावर उभा राहतो. वर उरलेली चार टोकं दिसतील, त्यांवर सहावा चौकोन. तळाला ४, मध्ये ४, वर ४, एकूण १२ सांधे. सगळे जुळले की मगच रबर काढून एकेक दोऱ्यानं बांधा. एखादा कोपरा बोटभर लांब राहिला तर ओढून बांधू नका, सगळा कंदील पिळतो. लांब कामटी शोधा आणि खुणेपर्यंत सरकवा. वरच्या चौकोनात दोन कर्णरेषांवर दोन कामट्या बांधा, होल्डर टांगायला.

खळ घरचीच बरी. दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग एक कप उकळत्या पाण्यात ओता आणि ३-४ मिनिटं ढवळा. पांढरी खळ अर्धपारदर्शक झाली की उतरवा. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या. पूर्वी कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. तो विषारी आहे, लहान मुलं चिकटवायला बसणार असतील तर नकोच. दोन दिवसांत खळ संपवा.

पतंगी कागदाचे ५० बाय ७५ सेंटीमीटरच्या आसपासचे तीन ताव पुरतात. एका तावातून चार चौकोन, बाजू २३ सेंटीमीटर (दीड सेंटीमीटर दुमडायला). दुसऱ्यातून आठ त्रिकोण, बाजू २५. पट्टीवर एक सुलटा एक उलटा असे कापले तर एका तावात बसतात. तिसऱ्यातून २० झिरमिळ्या, ४ सेंटीमीटर रुंद आणि ३६ लांब. आधी त्रिकोण चिकटवा, मग चौकोन, म्हणजे त्रिकोणांच्या कडा चौकोनाखाली झाकल्या जातात. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. कागदाला लावली की तो सुरकुततो आणि रंग सुटून बोटांना लागतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. वरून उष्णता जाते, खालून बल्ब बदलता येतो. झिरमिळ्या खालच्या चौकोनाला, प्रत्येक बाजूला पाच.

बादलीतली पिंपळपानं आता काढा. दोन बोटांत चोळल्यावर हिरवा गर सुटला पाहिजे. पसरट ताटात थोडं पाणी घ्या, पान त्यात पालथं ठेवा आणि जुन्या मऊ टूथब्रशनं मधल्या शिरेकडून कडेकडे हलकं टोका. घासू नका, टोका. गर सुटत नसेल तर पान अजून तयार नाही, परत बादलीत. झालेली जाळी वर्तमानपत्रात दाबून दिवसभर वाळवा. बादलीचं काम पहिल्या दिवशी राहून गेलं असेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पानं मंद आचेवर दीड-दोन तास शिजवा. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला सोडा खातो. हातमोजे घाला आणि ते भांडं परत स्वयंपाकाला नको. ही जाळी चार मोठ्या चौकोनांच्या मधोमध आतल्या बाजूनं चिकटवली की दिवा लागल्यावर एकेक शीर उमटते. दिवसा काहीच दिसत नाही.

आत ५ वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब. पांढऱ्या प्रकाशात लाल-केशरी कागद मळकट दिसतो. बल्ब मध्यावर लटकायला हवा, कागदापासून सगळीकडे सारखाच लांब. वायरचा जोड उघड्यावर देऊ नका, जोड घरात आणि अखंड वायर बाहेर. टांगायची जागा छज्जाखाली. कार्तिकातलं दव दोन रात्रींत खळ सोडवतं. छज्जा नसेल तर झोपताना कंदील आत घ्या.

किल्ला: १८व्या दिवशी माती, २१व्या दिवशी बी

मुलं किल्ला करायला बसली की भाताचा ढीग ओतल्यासारखा टोकदार डोंगर करतात आणि टोकावर सिंहासन ठेवतात. आपल्याकडचे किल्ले सहसा तसे नसतात. अजिंक्यताऱ्याकडं सातारा गावातून मान वर करून बघा: माथा सपाट, माथ्याखाली उभा काळा कडा आणि त्याच्या खाली पसरत जाणारा उतार. सह्याद्री बेसाल्टच्या थरांवर थर बसून झाला आहे. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. सज्जनगडाचं तेच. किल्ला खरा वाटायला हवा असेल तर उंचीचा वरचा तिसरा हिस्सा उभा ठेवा. प्रतापगड करायचा असेल तर दोन टप्पे करा, वर बालेकिल्ला आणि खाली चिंचोळी माची. तो १६५६ साली पुरा झाला, पाटीवर लिहायला मुलांना उपयोगी पडेल.

४ बाय ३ फूट जागा आणि २ फूट उंची धरली तर २५-३० विटा किंवा दगड, दोन जुनी पोती, ६-७ घमेली माती आणि एक घमेलं वाळू. फरशीवर आधी प्लास्टिक अंथरा आणि मोरीची वाट मोकळी सोडा. विटा पायऱ्यांसारख्या रचा, आतून पोकळ. भरीव किल्ला आठ दिवस ओला राहतो आणि फरशीवर डाग सोडतो. पोतं पिठल्याइतक्या घट्ट चिखलात पूर्ण बुडवून विटांवर टाका आणि बोटांनी दऱ्या दाबा. वरून मातीचा थर दोन बोटं, त्याहून जाड नको.

माती कुठली, यावर सगळं ठरतं. कृष्णाकाठची काळी माती लिंपायला छान, पण वाळली की आकसते आणि किल्ल्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात एक तृतीयांश वाळू आणि दोन मुठी बारीक कापलेलं पाचट किंवा भुसा कालवा. जावळी-महाबळेश्वरकडची तांबडी माती उलट वागते, भेगा पडत नाहीत पण भुसभुशीत होऊन गळते. तिला चौथा हिस्सा काळी माती घाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्या भेगा दिसतील त्यांत पातळ चिखल बोटानं भरा. कड्याला राख आणि काळ्या मातीचा लेप दिला की खडकाचा रंग येतो. तळ्याला करवंटी पुरते.

आता हळीव. कोरडा हळीव उतारावर फेकला की घरंगळून पायथ्याशी जमतो आणि डोंगर बोडका, पायथा हिरवा असा किल्ला होतो. दोन मोठे चमचे हळीव अर्ध्या कप पाण्यात अर्धा तास भिजवा. दाण्याभोवती चीक सुटतो आणि सगळं खिरीसारखं होतं. ही खीर बोटांनी उतारावर पातळ लिंपा, वर माती टाकू नका. चिकानंच दाणा उभ्या उतारावर धरून राहतो. एवढ्या किल्ल्याला ५० ग्रॅम भरपूर. मोहरी सपाट जागी, गहू पायथ्याच्या जंगलाला. नाचणी टाकली तर मुंग्या रात्रीत उचलून नेतात.

पाणी फक्त फवाऱ्याच्या बाटलीनं, दिवसातून तीनदा. तांब्यानं एकदा जरी ओतलं तरी तटबंदीसकट मावळे खाली येतात. पहिले दोन दिवस वर ओलं फडकं झाका, कोंब दिसला की काढा. २१व्या दिवशी लावलेला हळीव वसुबारसेला दीड-दोन इंच असतो. आधी लावला तर लक्ष्मीपूजनापर्यंत लांब होऊन लोळतो. लोळलाच तर कात्रीनं वरून छाटा, दोन दिवस आणखी निभतात.

तुळशीचं लग्न

वृंदावनाला गेरू आदल्या दिवशी. पाव किलो गेरू लिटरभर पाण्यात रात्री भिजवा, सकाळी गाळा आणि दोन चमचे फेव्हिकॉल मिसळा. नाहीतर प्रदक्षिणा घालणाऱ्यांच्या परकरांना किनार लागते. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. रांगोळी ओल्या गेरूवर काढू नका, रेघ फुटते.

मांडवाला चार ऊस, वाढ्यांसकट (शेंड्याच्या हिरव्या पात्यांसकट), माणसाच्या उंचीचे. कुंडीतल्या मातीत खोचू नका, मुळं तुटतात. चार कोपऱ्यांना वाळूनं भरलेल्या चार छोट्या बादल्या किंवा डबे ठेवा आणि ऊस त्यांत रोवा. वर वाढी एकत्र आणून सुतळीनं बांधा. बुडखा ताजा कापलेला असेल तर मुंग्या येणारच. कापलेल्या तोंडाला चुना लावा आणि ऊस सकाळीच रोवा, आदल्या रात्री नको. वाढी वाळली की चटकन पेटतात, पणत्या त्यांच्यापासून दोन हात लांब. बोरं, आवळे, चिंचा ताटात ठेवा, कुंडीत नको. दूध-साखरही तुळशीच्या बुडात ओतू नका. पळीभर ताटलीत, तेवढ्यानं विधी होतो. लग्नानंतर आठवड्यात तुळस मान टाकते ती थंडीनं नाही, बहुतेक वेळा या दुधानं आणि त्यामागून आलेल्या मुंग्यांनी.

त्रिपुरी पौर्णिमा झाली की कंदील उतरवा. कागद ओल्या फडक्यानं भिजवला की खळ सुटते आणि सांगाडा अख्खा निघतो. दोन दिवस उन्हात वाळवून माळ्यावर खिळ्याला टांगून ठेवा. खाली ठेवला तर उन्हाळ्यात कुणीतरी त्यावर गादी ठेवतंच.